तलावाचा वाटा आणि आमच्या सात पिढ्या

"पाटील! ओ पाटील! टोपलं आना जी, वाटा आला! औंदा मांगूर पाहा कशा हायेत, हाताएवढ्या!"

आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासोळीला शिवलेलं नाही, हे वाक्य मी नेमकं तेव्हाच संपवलं होतं. 'नाही'मधला 'ही' अजून ओठांवरच होता!

समोरच्या खाटेवर एकोडीचे गणपतराव बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात सदऱ्यावर काढून ठेवलेली तुळशीची माळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की यांच्या समोर वांगंसुद्धा चिरायची लाज वाटावी. शेजारी त्यांचा मुलगा, पिस्ता रंगाच्या सफारीत, मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन. मुलगा बोलत नव्हता. (त्या दिवशी तो एकदाच बोलला. ते पुढे येईल, आणि आलं तेव्हा फार वाईट आलं.) बापलेक माझ्या धाकट्या बहिणीला, शेवंताला, बघायला आले होते. वडील गेल्यापासून घरचा कर्ता मी, म्हणजे खोटं बोलायची सगळी जबाबदारी माझीच.

आणि फाटकात उभा फागू. डोक्यावर टोपलं, टोपल्यात वळवळ.

आता हा वाटा काय, ते सांगतो. आमच्या गावच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं, की मासोळ्या धरतात आणि ज्याची ज्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, त्या पाण्यावर, त्याच्या दारात वाटा पोचतो. हा वाटा परत करायचा नसतो. परत केला की तलाव रुसतो म्हणतात. तलाव रुसतो की नाही, मला ठाऊक नाही. फागू रुसतो, हे मात्र पक्कं. आणि बांध्यांना पाणी सोडायचं कामही फागूकडेच! ज्याने मासोळी नाकारली, त्याच्या बांधीत पाणी सगळ्यांत शेवटी, म्हणजे धान पिवळा पडल्यावर.

मी डोळ्यांनी फागूला खूप खुणावलं. डावा डोळा मारला, उजवा मारला, मग दोन्ही.

"डोरे आले का जी तुमचे?" फागू ओरडला. "मंग तं मांगूर खाच लागते! आन मागच्या साली कमी पडल्या म्हनून भांडले होते ना, तं औंदा तुमच्यासाठी निवडून आनल्या!"

गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शाकाहार आणि मांसाहार या विषयावर माझी मतं पहिल्यापासून ठाम आहेत. पुढ्यात रस्सा असेल तर मी मांसाहारी, पुढ्यात सोयरे असतील तर शाकाहारी. यात लबाडी काहीच नाही, सगळा मुलूखच असा चालतो. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, एकादशी विठोबाची. उरलेल्या वारी बकऱ्याने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी. आणि आमच्या घरात तर मासोळीशिवाय भाताला कोणी भातच म्हणत नव्हतं. शेवंता तर काट्यासकट चावून खाणारी!

मग ही सात पिढ्यांची भानगड कशी झाली? सानगडीच्या बाजारात झाली. मी मटणवाल्याकडून नुकताच निघालो होतो. हातात पिशवी, पिशवीत मटण. वळतो तो समोर गणपतराव! सोयरिकीची बोलणी तेव्हा नुकती सुरू झालेली. मला पाहताच त्यांनी घाईघाईने सदऱ्याच्या आतून माळ काढून बाहेर ठेवली. (मला वाटलं, काय ही भक्ती! बाजारातसुद्धा माळेचा विसर नाही!) मी पिशवी पाठीमागे केली.

"इकडं कसे जी, पाटील?"

"मेथी घ्याले आलो, काकाजी."

"मटनाच्या लायनीत?"

"वाट चुकलो!"

आता एवढ्यावर थांबायचं. पण माझी जीभ एकदा बैलगाडीसारखी उताराला लागली, की तिला खुट्टी लागत नाही. "जीव तो जीव, काकाजी," मी म्हणालो. "बकरीच्या डोळ्यांत पाहावं, तं आपली मायच दिसते. आमच्या घरी सात पिढ्यांत कोनी..." वगैरे वगैरे. तिकडे माझ्या पिशवीतून टपकणारे थेंब माझ्याच टाचेवर पडत होते. एक कुत्रं तर सगळं भाषण माझ्या पायाशी बसून, माझ्याकडे एकटक बघत ऐकत होतं. इतका मन लावून ऐकणारा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

घरी येऊन मी ही शुभवार्ता सांगितली. बायको, कौसल्या, पाट्यावर मसाला वाटत होती. ती नुसती हसली. शेवंताचं तोंड मात्र सुकलं.

"दादा, ते लोक काहीच नाई खात?"

"लसूनसुद्धा नाई! देवमानसं हायेत."

"मंग मी जलमभर काय खाऊ?"

"वरन खा. सवय होते."

"तुले झाली का?"

"माहं लगन थोडीच होऊन राहिलं!" मी म्हणालो आणि मटणाची वाटी पुढे ओढली. पोरीचं सारं आयुष्य वरणात बुडवून मी शांतपणे जेवलो. कर्त्या माणसाला मन घट्ट करावं लागतं.

तर आता फागू फाटकात, मांगूर टोपल्यात आणि गणपतराव खाटेवर. मी म्हणालो, "घेतो ना जी आमी वाटा. दरसाल घेतो. आन मंग परत तलावात सोडून देतो! जिवंत! जीवदान!"

फागूचं टोपलं डोक्यावरच तिरपं झालं. "सोडता? तुमी?"

"गुपचूप सोडतो," मी म्हणालो. "पुन्याचा बोभाटा कायले कराचा?"

गणपतरावांनी दोन्ही हात जोडले. माझ्याकडे पाहून आवंढा गिळला, मग टोपल्याकडे पाहून गिळला. (टोपल्याकडे पाहून जरा मोठा गिळला, हे मला पुढे आठवलं.) "वा पाटील! मंग असं करू. जेवन झालं का आपुन सारेच जाऊ. माह्या पोराच्या हातानं सोडू. दोन्ही घराले पुन्य लागंल."

झालं! म्हणजे आता खरोखर सोडायच्या! हाताएवढ्या, काळ्या तुकतुकीत, मिशा हलवणाऱ्या मांगूर! बापा, मला त्या क्षणी जे वाईट वाटलं, ते अहिंसेमुळे नव्हतं.

टोपलं घेऊन मी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात गेलो. पितळी गंगाळात पाणी भरलं, मासोळ्या त्यात ओतल्या, वर टोपलं पालथं घातलं आणि टोपल्यावर वरवंटा ठेवला. मांगूर ही जात फार चिवट. पाण्याबाहेर तासन्‌तास मरत नाही, उलट पोटावर सरपटत कुठेही जाते. म्हणून वरवंटा.

"खरंच सोडाच्या?" कौसल्या चुलीपासून म्हणाली. "मसाला वाटून ठेवला म्या सकारपासून."

"सोयरीक मोठी का मसाला मोठा?"

ती विचारात पडली. शेवंता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नवी साडी, केसांत अबोली, आणि नजर गंगाळावर. एकदा तिने त्या मासोळ्यांकडे पाहिलं, एकदा छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलेल्या त्या माळेकडे. मला वाटलं, पोर लाजली.

पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी, कढी, आणि तोंडी लावायला माझं भाषण. मी एका घासात गाईवर बोललो, दुसऱ्या घासात मुंगीवर. मांसाहाराने माणसाचा राग वाढतो, बुद्धी घटते, केस गळतात. (माझं टक्कल त्या वेळी निम्मं झालं होतं. गणपतरावांनी ते पाहिलं, पण बिचारे सभ्य.) ते मुकाट भात चिवडत होते. मुलगा तर वांग्याच्या फोडी ताटाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिरवत होता.

"आमच्या घरी," मी हात वर करून म्हणालो, "मासोळीचा वाससुद्धा—"

आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून एक मांगूर आत आली.

पाहुण्यासारखी आली हो! मिशा हलवत, डावीकडे-उजवीकडे बघत. तिच्यामागे दुसरी. दुसरीमागे तिसरी. शेणाने सारवलेल्या भुईवरून सप् सप् करत ती वरात पंगतीत शिरली. पहिली थेट माझ्या ताटाशी आली आणि तिने वरणात तोंड घातलं. सात पिढ्यांतली तीच काय ती खरी शाकाहारी!

मी पाटावर उभा राहिलो. मग पाट सटकला आणि मी कढीत बसलो. उठताना हात टेकला, तो नेमका मांगुरीवर. या मासोळीच्या गालफडांपाशी दोन्ही बाजूंना काटा असतो. तो अंगठ्यात असा गेला, की माझी बोंब तलावापर्यंत गेली असावी. "मेलो गाऽऽ! मेलो!"

"हालू नका!" गणपतराव गरजले.

आणि मग त्या देवमाणसाने जे केलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. त्यांनी धोतर खोचलं. पाटावरून न उठता डावा हात टाकला आणि डोक्यामागून दोन बोटांत, काट्यांच्या बरोब्बर मागे धरून, पहिली मांगूर उचलली. दुसरी उजव्या हाताने. तिसरी शेजारून पळत होती, तिच्यावर माझा सटकलेला पाट पायानेच ओढून घातला. एक थेंब रक्त नाही! माझ्यासारखा जन्माचा मासोळीखाऊ इतक्या वर्षांत शिकला नाही, ते या माळकऱ्याला कसं येतं?

दोन्ही हातांत दोन मासोळ्या धरून गणपतराव माळ घालून बसले होते.

"काकाजी," मी कढीतून विचारलं, "हे तुमी कुठं शिकले?"

"लहानपनी," ते पुटपुटले. "लई लहानपनी. आता काही—"

आणि इथे तो मुलगा बोलला. "बाबा, परवाच तं धरल्या होत्या तुमी. बोडीच्या पान्यात."

गणपतरावांनी मुलाकडे पाहिलं. तसं पाहणं मी फक्त पोळ्यात, एका मारक्या बैलाचं पाहिलं आहे. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, मासोळ्या कौसल्याच्या परातीत टाकल्या, गळ्यातली माळ काढून खुंटीला टांगली आणि मोकळे झाले.

"खरं सांगतो पाटील. त्या दिवशी बाजारात मी मटनच घ्याले आलो होतो. तुमी भाषन सुरू केलं, तं माही हिंमतच झाली नाई. घरी येऊन सांगतलं, का सोयरे लई सोवळे हायेत, आता तोंड सांभाळा. महिना झाला, आमच्या घरी मासोळी शिजली नाई. परवा धरल्या तेबी या पोरानं शेजाऱ्याले देऊन टाकल्या, तुमच्या भेवानं! आता मोडा सोयरीक, तं मोडा."

मला इतका आनंद झाला, की अंगठ्याची आग विसरलो. मोडतो कशाला! मी तोंड उघडलं, "काकाजी, खरं म्हनजे आमीबी—"

"आमी बाया खातो जी," कौसल्या मध्येच म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा करत, इतक्या गोड आवाजात, की मी लग्नानंतर तो आवाज प्रथमच ऐकला. "मी खातो, शेवंताबाई खाते. हेच तेवढे सात्त्विक. यांच्यापायी चोरून रांधा लागते."

"अवो, पन मी—"

"तुमी काई बोलू नका!" गणपतरावांनी माझे पायच धरले. "आमच्यापायी तुमचं व्रत मोडलं, तं ते पाप कोन्या जलमी फेडू? बाई, पाटलांचं पान तिकडं कोन्यात मांडा. वास नाई लागाले पायजे."

मसाला वाटलेला होताच. घटकाभरात रस्सा झाला. असा रस्सा, की त्याच्या वासाने फागूसुद्धा "मासोळ्या सोडाले आलो जी" म्हणत परत आला आणि पंगतीला बसला. तो मुलगा, जो वांग्याशी तासभर लपंडाव खेळला होता, त्याने पातेलं पुसून खाल्लं. आणि मी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, सुजलेल्या अंगठ्याने वरण-भात कालवत होतो. मधून मधून गणपतराव हात थांबवून माझ्याकडे श्रद्धेने बघत आणि म्हणत, "धन्य हाय!"

सोयरीक तिथेच जुळली. शेवंता एकोडीला गेली, आणि आता इतकी वर्षं झाली, मी तिथे गेलो की तोच थाट. सगळ्यांना मासोळी, मला दोडका. गणपतराव आल्यागेल्याला आपले व्याही म्हणून अभिमानाने दाखवतात, "हे आमचे इवाई. सात पिढ्या!" त्या गावातली पोरंसोरं माझ्या पाया पडतात. दोडका खाऊन खाऊन माझ्यात खरोखरच काही साधुत्व आलं असावं, कारण आता मला रागसुद्धा येत नाही. नुसतं रडू येतं.

परवा असाच गेलो होतो. पुरुष मंडळी जेवून उठली होती, शेवंता मला वाढत होती. मनात वर्षानुवर्षं अडकलेला काटा मी काढला.

"शेवंते, त्या दिवशी गंगाळावर म्या वरवंटा ठेवला होता. टोपलं सरकलं कसं?"

"म्या सरकवलं," ती म्हणाली आणि दोडका वाढला.

"तू?" माझा घास हातातच राहिला. "अवो, सोयरीक मोडली असती तं?"

"मोडली असती, तं रस्सा आपल्याले उरला असता."