इझवी

गावात तिला नाव होतं नवसाबाई, पण गाव म्हणायचं 'इझवी'. तोंडावर कोणी म्हणत नसे. पाठ वळली की म्हणायचे. आणि पाठीमागचं बोलणं माणसाला आधी ऐकू येतं.

नवसाबाई कळवणकडची. डोंगरातलं माहेर, शाळा दोन टेकड्यांपलीकडं. लहानपणापासून पळत गेलेली पोर, पायाला रस्ता पाठ. लग्न होऊन दिंडोरीच्या अंगाला करंजवाडीला आली, कोंडाजी माळ्याच्या घरात. मेथी, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. पहाटे माल नाशिकच्या मार्केटला गेला की बाई मोकळी. मोकळी म्हणजे खुरपं हातात.

आता ते नाव कसं पडलं ते ऐका.

घटस्थापनेला करंजवाडीची पोरं सप्तशृंगीच्या गडावरून ज्योत आणतात. अनवाणी, पळत, आळीपाळीनं. गावची एक रीत आहे, ती आजच्या पोरांनाही तोंडपाठ आहे: ज्योत फक्त पळत आलेल्या हातात द्यायची. जो बसला, त्याच्या हाताचा मान गेला. आणि वेशीत ज्योत घेऊन जो येईल, त्याचे पाय कारभारी खैरनारच्या घरानं धुवायचे. मानच होता तो त्यांचा, वाडवडलांपासूनचा.

नवसाबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. शेवटच्या टप्प्याला ज्योत कोंडाजीकडं. बायका पाण्याच्या कळश्या घेऊन रस्त्याच्या कडेनं पळत होत्या, त्यात ही. वेस दिसायला लागली आणि कोंडाजीच्या पोटरीत गोळा आला. गडी वाकडा झाला, ज्योत कलंडली. बाकीची पोरं लांब मागं. नवसाबाईनं कळशी टाकली, ज्योत धरली आणि पळत सुटली. वेशीपर्यंत आणली. जशीच्या तशी, भडकती.

वेशीत कारभारी उभा, सोबत फक्त त्याचा भाऊ आणि वाजंत्रीवाले. मंडळाचा अध्यक्ष, मिशीला तूप. म्हणाला, "बाईनं हात लावला? बाटली ही!" आणि हिसकावून ढोरांच्या हौदात बुचकळली. चर्र झालं. मग पाठ करून खिशातली काडीपेटी काढली, नवा बोळा पेटवला, भावाच्या हातात दिला, वाजंत्री वाजवली. मागून येणाऱ्या गर्दीला सांगितलं, "कोंडाजीच्या बायकोनं ज्योत इझवली. बरं झालं आमच्याकडं गडावरचा दिवा राखून ठेवलेला होता."

कोंडाजी तोंड उघडणार होता. कारभारीनं कानात सांगितलं, तुझ्या मळ्याचं पाणी माझ्या बांधावरून येतं. कोंडाजीनं तोंड मिटलं. ते मेल्यावरच उघडं पडलं, हनुवटी बांधायला लागली.

त्या वर्षी पाऊस कमी झाला, इझवीमुळं. खैरनारांची म्हैस गाभडली, इझवीमुळं. फुलाबाई म्हणून एक बाई, आता म्हातारी झालीय, तिनं ते नाव पाडलं आणि गावानं ते उचललं.

नवसाबाईनं एकच गोष्ट मनात धरली. कारभारीच्या तोंडून, गावादेखत, खरं वदवायचं. देवीपुढं नवस बोलली नाही. म्हणायची, "देवी काय करील? महिषासुराला तिनं समजावून नाय मारला. जे करायचं ते आपल्या हातानं."

आणि वाट बघत राहिली. वाट बघणं तिला जमायचं. भाव येईपर्यंत थांबायचं कोथिंबिरीवाल्याला जमतंच.

दिवस बदलले. गावात वायफाय आलं ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. त्यामुळं सगळी पोरं त्या ओट्यावर. चिमण्या तारेवर बसाव्यात तशी ओळीनं, माना खाली, अंगठे चालू. शाळेचं मैदान होतं, तिथं कारभारीनं कांदाचाळ ठोकली. कोणी विचारलं तर म्हणे, "पोरं कुठं खेळतात आता?" पोरं म्हणत, "मैदान कुठंय?" दोघांचं बरोबर.

कारभारीचा नातू साई, सोळा वर्षांचा. पोरगा वाईट नव्हता. पण दूध आणायला शेजारच्या गल्लीत मोटरसायकलवर जायचा. पाटी भरून कुरकुरे, वर कोल्ड्रिंक, आणि रात्रंदिवस तो मोबाईलचा खेळ. त्यात मात्र पळायचा, डोंगर चढायचा, गोळ्या झाडायचा. नाशिकच्या डॉक्टरनं सांगितलं, पोराच्या रक्तात साखर दिसायला लागली, चालवा याला. कारभारीनं घरात पळायचं मशीन आणून ठेवलं. त्यावर सूनबाई कुरडया वाळवायची.

आणि ज्योत? ती टेम्पोत बसली. पोरं गडावर जायची टेम्पोतून, यायची टेम्पोतून. मागं गाणी, पुढं ज्योत. फाट्यावर उतरायचं, शर्टावर बाटलीभर पाणी ओतायचं, म्हणजे घाम दिसतो, आणि वेशीपर्यंत धापा टाकत पळायचं. कारभारी पाय धुवायचा. आंघोळ घातलेल्या पायांनाच पाणी. गावाला माहीत होतं. पण आपलं पोरगं त्यात असलं की कोण बोलतंय?

नवसाबाईला ते कळलं त्या दिवशी ती पोटभर जेवली.

इकडं तिची पोरगी रूपाली, सतरा वर्षांची, तिला पोलीस भरती करायची होती. आईनं तिला पहाटे पाटाच्या रस्त्यावर पळवायला घेतली. मग शेजारच्या दोघी आल्या, मग आणखी तिघी. गाव हसलं. "इझवीच्या घोड्या सुटल्या!" ओट्यावरची पोरं मोबाईल वर करून शूटिंग करायची. नवसाबाई मागं सायकल नाही की शिट्टी नाही, लुगड्याचा काचा मारून स्वतः पळायची आणि शिव्या द्यायची.

"पळ गं भवाने! मागं कारभाऱ्याचा बैल लागलाय असं समज!"

"आई, कारभारीतात्यांचा बैल कवाच विकला."

"मंग कारभारी लागलाय असं समज."

त्या दिवशी रूपाली सगळ्यात जोरात पळाली.

टेम्पो होता भिकनचा. भिकन नवसाबाईचा भाचा, तिचाच माल मार्केटला न्यायचा. मंडळवाले दरवर्षी त्यालाच सांगायचे. या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मेथीच्या जुड्या भरता भरता आत्या म्हणाली, "भिकन, उद्या ज्योत घेऊन येताना खिंडीच्या पायथ्याला तुझा क्लच जातो."

"माझा क्लच नवा हाय, आत्या."

"जातो म्हणलं ना."

भिकननं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "मंग जाईल," म्हणाला.

सकाळी दहाच्या सुमाराला खिंडीच्या अलीकडं टेम्पो घरघरला आणि थांबला. भिकननं उतरून बोनेट उघडलं, डोकं खाजवलं, केबिनला कुलूप लावलं. "मेकॅनिक आणतो," म्हणून चालता झाला. ज्योतीचं तेल केबिनच्या आत.

साई त्या वेळी ज्योत हातात धरून उभा होता. व्हिडिओ काढायचा होता त्याला, खिंड मागं दिसायला पाहिजे म्हणून. बाकीची चार पोरं टेम्पोत पाय सोडून बसलेली.

"आता रे?" एक जण म्हणाला.

"पळायचं, आता काय!"

"चढ हाय भो."

साई पळाला. म्हणजे निघाला. पहिल्या वळणापर्यंत पळाला, दुसऱ्यापर्यंत चालला, तिसऱ्याला कमरेवर हात. मागची पोरं त्याच्याही आधी दगडावर टेकली. महेश म्हणून एक होता, तो पाच मिनिटांनी पुढं येऊन म्हणाला, "दे, मी घेतो," आणि साईच म्हणाला, "तू बसलास. बसलेल्याला चालत नाय." एवढी रीत त्या पोराला माहीत होती. म्हणून तर मी म्हणालो, पोरगा वाईट नव्हता.

तेवढ्यात वरून पायांचा आवाज आला. नवसाबाई आणि तिच्या सहा पोरी, अनवाणी, खिंड उतरून पळत आलेल्या. येऊन त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. एकीलाही दम लागला नव्हता, ते साईला जास्त लागलं.

ज्योत आता बोटाएवढी झाली होती.

"काकू, घ्या ना," साई म्हणाला. डोळ्यांत पाणी. "नाय होत मला. छातीत दुखतंय."

रूपालीनं हात पुढं केला. आईनं तो खाली दाबला.

"आमच्या हातानं बाटती ती. तुझ्या आजाला विचार."

"काकू, इझन ती!"

"इझू दे. मला नाव हायच."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. रूपाली हळूच म्हणाली, "आई, देवीची हाय." नवसाबाईचा जबडा हलला, पण हात हलला नाही. "फोन लाव," ती साईला म्हणाली.

कारभारीला कमी ऐकू येतं. फोन तो कायम स्पीकरवर धरतो, आरशात तोंड बघावं तसा. वेशीत तेव्हा अख्खं गाव उभं होतं. बायका ताटं घेऊन, बँडवाले घाम पुसत, कारभारी मधोमध खुर्चीवर. नवसाबाईनं हे सगळं धरूनच ठेवलं होतं.

"कुठं मेले रं तुम्ही? मुहूर्त चालला!"

"आजोबा, टेम्पो बंद पडला. मला पळवंना. नवसाकाकू हायेत हितं..."

नवसाबाईनं फोन घेतला. "तात्या, मी. कोंडाजीची बायको. तुमच्या नातवाच्या हातात ज्योत मरायला लागलीय. मी धरते, पळत आणते. पण आधी एक सांगा. त्या वर्षी माझ्या हातातली कोणी इझवली?"

पलीकडं बँडवाल्याचं ढोलकं कुणाच्या पायाला लागून गडगडलं.

"हे काय वेळ हाय का, नवसाबाई?"

"ज्योतीला इचारा वेळ हाय का."

"आजोबा, सांगा ना!" साई ओरडला. "गेली बघा! सांगा!"

नातवाचा आवाज फाटला होता. कारभारीनं त्या पोराला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. म्हातारा पुटपुटला, "मी."

"ऐकू नाय आलं."

"मी बुचकळली हौदात! झालं?"

"आन् नवी कशानं पेटवली?"



"काडीपेटीनं," कारभारी म्हणाला.

एक बाई म्हणाली, "अगं बया! म्हंजी त्या साली आमचे घट काडीपेटीच्या दिव्यावर?" आणि मग जो कालवा उठला तो खिंडीत ऐकू आला. नवसाबाईनं फोन बंद नाही केला. उलट कानाला लावला आणि क्षणभर ऐकला.

मग फोन साईच्या खिशात कोंबला, पदर खोचला, ज्योत घेतली. ओच्यातून तेलाची बाटली काढली आणि बोळ्यावर ओतली. भडका झाला. बाटली तिच्याजवळ पहिल्यापासून होती.

"आई!" रूपाली म्हणाली.

"चल पळ. आन् तू रे," साईला म्हणाली, "मागून चालत ये. पण बसायचं नाय. बसलास तर मला कळन."

खिंड, फाटा, मग सरळ रस्ता. पोरींनी आळीपाळीनं धरली, पण शेवटचा टप्पा नवसाबाईनं कोणाला दिला नाही. वेशीत शिरली तेव्हा लुगडं धुळीनं माखलेलं, टाचेतून रक्त. घाम खरा. गर्दी दुभंगली.

कारभारी उठला नाही. कोणी तरी म्हणालं, "जाऊ दे, तात्यांचे गुडघे गेलेत. पाय नाय धुतले तरी..."

"कामून?" नवसाबाई म्हणाली. "मान त्यांचा हाय. मी थांबते. सावकाश होऊ द्या."

आणि उजवा पाय पुढं करून उभी राहिली.

म्हातारा खुर्चीवरून घसरत घसरत खाली आला. एक गुडघा, मग दुसरा. सून तांब्या धरायला पुढं आली, नवसाबाई म्हणाली, "त्यांच्या हातात द्या." कारभारीनं पाणी ओतलं. धूळ गेली, रक्त दिसलं. ती वरून बघत होती, आणि डोळा लवू दिला नाही, नाहीतर तेवढं बघायचं हुकलं असतं.

"आता डावा," म्हणाली.

फुलाबाईनं ओवाळायला ताट उचललं. "ये गं नवसा," म्हणाली.

"इझवी म्हणा की," नवसाबाई म्हणाली. म्हातारीचं ताट वाकडं झालं.

लोक म्हणतात सूड घेतल्यावर मन रितं होतं. होत असेल कोणाचं. नवसाबाईनं त्या दिवशी उपास धरला होता तरी तिला साबुदाण्याची खिचडी दोनदा लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटाच्या रस्त्यावर पोरींच्या मागं एक मोठी सावली उभी. साई. डोळे सुजलेले, पायांत चप्पल.

"आजोबानं धाडलं का?" नवसाबाईनं विचारलं.

"नाय. ते म्हणले, त्या बाईच्या सावलीला गेलास तर घरात घेणार नाय."

धाडलं म्हणाला असता तर तिनं त्याला तिथूनच परत लावला असता. मनाशी ठरवूनच विचारलं होतं तिनं. आता तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कारभारीचं नाक, कारभारीचे कान, आणि तिच्या तोंडावर हसू आलं. ते काही मायेचं नव्हतं.

"असं म्हणले का?" ती म्हणाली. "मंग काढ चपला. तुमच्या दारावरूनच पळायचं आज, म्हातारा ओट्यावर बसतो त्या टायमाला."