थेंब मोजणारे काका

एम.एस्सी.ला माझ्या वाट्याला आलेला प्रयोग दिसायला अगदी साधा. बारीक, उभ्या काचेच्या नळीत खुणेपर्यंत ईथर घालायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि नळीतल्या निश्चल हवेतून ते उडून जाताना पातळी किती उतरते ते आठवडाभर मोजायचं. वर्गात मुलगी मी एकटीच, आणि घरून परवानगी एकाच वर्षाची. शनिवारी वहीवर सरांची सही झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. म्हणजे शिक्षण तिथेच संपलं.

सोमवारी नळी लावली. पातळी दिवसभर शहाण्यासारखी उतरायची आणि सकाळी बघावं तर पुन्हा खुणेवर. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. सर म्हणाले, "ईथर कधी वर चढतं का? आकडे घरी बसून लिहितेस वाटतं." मी जात्याच तापट. तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवारी उजाडायच्या सुमाराला छत्रीबागेतल्या घरून तडक कॉलेज गाठलं. प्रयोगशाळेचे शिपाईकाका डोळे बारीक करून लांब ड्रॉपरने माझ्या नळीत ईथर भरत होते. काका पूर्वी दरबारात अत्तरदाणीवर होते. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, दरबार उठला, तेव्हा त्यांना इथे लावलं होतं. नोकरी अजून कच्चीच होती.

"काका, हे काय करताय?"

"भरतोय, बाईसाहेब. रोज सहाच्या ठोक्याला भरतो. दाणी उतरलेली दिसली तर पाहुण्यांपुढे शोभा जाते. तुमचा एवढा खयाल तर ठेवायलाच हवा नं."

"अहो, माझं वाटोळं केलंत की हो," म्हणत मी रडायलाच बसले. सरांना सांगावं तर यांची नोकरी जाणार, न सांगावं तर मी खोटी ठरणार. काका पार घाबरले. "पण मोजून भरलंय हो," म्हणाले आणि कोटाच्या खिशातून कागद काढला. दरबारात किती थेंब घातले ते रोज कारभाऱ्यांना सांगावं लागे. ती सवय सुटली नव्हती. बावीस, एकवीस, आज बावीस.

मी कागदाकडे बघतच राहिले. जेवढं उडालं, नेमकं तेवढंच त्यांनी भरलं होतं. शुक्रवारी आणि शनिवारीही मी त्यांच्याच हातून भरून घेतलं. थेंबांचं वजन केलं, गणित मांडलं, आणि उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ आलं. काय आनंद झाला म्हणून सांगू.

सरांपुढे वही ठेवताना, थेंब मीच घातले असं सांगायचं मी ठरवलं होतं. काकांनाही गप्प राहायला बजावलं होतं.

"थेंब कुणी मोजले?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काका टोपी सारखी करून पुढे आले. "मी, साहेब. भरले पण मीच. बाईसाहेबांचा काही कसूर नाही."

सरांनी गणित दोनदा तपासलं. सही केली. मग काकांकडे वळले.

"सोमवारी किती वाजता भरणार?"

"सहाला, साहेब."

"मग मीही सहाला येतो," सर म्हणाले. "मला बघायचंय."