मास्तरांच्या कॉलरची शिलाई

टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यांचे कोट गेली तीस वर्षं शिंपीमास्तरच शिवत. काम असं, की कुणी बोट ठेवू नये. लेकीनं केसन्‌केस स्पष्ट दाखवणारा नवा व्हिडिओ रेकॉर्डर आणून दिला, तेव्हा त्यांनी ठरवलं, आपण शिवलेला नवा निळा कोट बातम्यांत एकदा डोळे भरून बघायचा.

पण रेकॉर्डर त्यांना दाद देईना. आधी बातम्यांऐवजी कुस्तीच रेकॉर्ड झाली, मग नुसताच आवाज. मास्तर रिमोटवर डाफरायचे आणि बायको गालातल्या गालात हसायची.

आठवड्यानं कोट एकदाचा रेकॉर्डिंगमध्ये सापडला. मास्तरांनी चित्र थांबवलं, मोठं केलं आणि ते मटकन खुर्चीत बसले. कॉलरची शिलाई चक्क नागमोडी गेली होती.

"अगं, हे यंत्र बिघडलंय! रेघ वाकडी दाखवतंय."

बायको पडद्याजवळ गेली. "यंत्र ठीक आहे, अहो. मागच्या महिन्यात माझ्या ब्लाउजचंही असंच झालं होतं. तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून मीच उसवून परत शिवला."

मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. चष्म्याचं नाव काढलं की अंगावर धावून येणारा हा माणूस पडद्याला नाक लावून ती शिलाई परत बघू लागला. मग त्यांनी ते चित्र पुसायला घेतलं, तर रेकॉर्डर तेही ऐकेना.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "उद्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. मग तो कोट परत मागवतो."