आडातलं तांबं

बिरप्पा गिरणीच्या रंगखात्यात कामाला होता. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पडलेला खिळा तांब्यानं लाल होतो, हे त्यानं तिथंच पाहिलं. मग तांबटांच्या भट्ट्यांतलं, तांब्याचा अंश उरलेलं टाकाऊ कीट आणि राख आणून त्यानं घरामागं कमरेइतका ढीग रचला. गिरणीत वाया जाणारं तेजाब पाण्यात मिसळून त्यावर थेंबथेंब सोडू लागला. खाली दगडी डोणीत निळं पाणी साचे. त्यात टाकलेल्या मोडक्या लोखंडी नालांवर तांब्याचा गाळ चढे.

हा खटाटोप एका घागरीसाठी. त्याच्या विषमज्वरात बायकोनं, बसम्मानं, माहेरची तांब्याची घागर विकली होती.

"काय रं, राख शिजली का?" शेजारची शिवबाई विचारी.

"शिजंल की मावशी. तुमचे दात पडायच्या आत."

"ते कवाच पडले, मुडद्या!"

दोन वर्षांनी तांबटानं त्या गाळाची घागर घडवून दिली. बसम्मा ती कडेवर घेऊन आळीच्या आडावर गेली. त्या दिवशी तिची मान ताठ होती.

आठवडाभरानं आडाची लोखंडी बादली लाल होऊन वर आली. बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. आडात लक्ष्मी आली म्हणाल्या.

संध्याकाळी बिरप्पानं बादली नखानं खरवडली. ती लाली कशाची, हे आख्ख्या आळीत त्याला एकट्यालाच कळलं. ढिगाखालच्या मुरमानं दोन वर्षं ते पाणी पिऊन आता आडात सोडलं होतं.

घरी बसम्मा चिंचेनं घागर घासत होती.

"आपल्या घागरीच्या पायगुणानंच लक्ष्मी आली म्हणत्यात," ती म्हणाली.

त्यानं तिला आडाचं पाणी भरू दिलं नाही. कारण सगळ्यांना सकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं.

सकाळी तो आडावर उभा राहून ओरडला, "पिऊ नका! माज्या ढिगाचं पाणी उतरलंय आडात!"

शिवबाईनं आदल्या संध्याकाळीच नातीला तीर्थ म्हणून तांब्याभर पाजलं होतं. पोर ओकून ओकून तिसऱ्या दिवशी गेली.

बिरप्पानं आड एकट्यानं बुजवायला घेतला. भर उन्हात धोंडे वाहत होता. कुणी अडवलं नाही, कुणी हात लावला नाही.

बुजवणीच्या चौथ्या दिवशी शिवबाई तांब्या घेऊन आली.

"पी."

"कुटलं हाय?"

"तळ्याचं."

तिनं तांब्या तिरका धरला. त्यानं ओंजळ पुढं केली. पण बोटं काही केल्या जुळेनात. पाणी धोंड्यांवर सांडत राहिलं.