दरीतला गोड चहा

इतकी वर्षं आपण देवाशी बोलतोय ते एकतर्फी तर नाही ना, अशी शंका मला आयुष्यात एकदाच आली. एका खोल हिरव्या दरीत, नवऱ्याचा गार पडलेला हात धरून बसले होते तेव्हा.

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते, आणि त्या वयात बाईला जेवढं कळत असतं तेवढं पुढे कधीच कळत नाही. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये आमचं बस्तान नीट बसलं होतं. हे इंजिनिअर, लेक म्युनिकला शिकायला, आणि मी आमच्या मराठी मंडळींतली स्तोत्रवाली. कुणाकडे सत्यनारायण असला की उच्चारांसाठी मला बोलावणं यायचं. शिवाय दर रविवारी डोंगरात हिंडून माझा असाही समज झाला होता की जगातल्या सगळ्या पायवाटा आपल्या ओळखीच्या आहेत. भारी बूट, दोन काठ्या, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ठणठणीत ‘ग्रूस गॉट’, म्हणजे तिकडचा रामराम. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

त्या वर्षी आम्ही दोघंच मॉरिशसला गेलो. समुद्रकिनारी नुसतं लोळणं मला पटत नव्हतं, म्हणून बेटाच्या मध्यावर दऱ्यांचं मोठं राखीव जंगल आहे तिथे यांना ओढून नेलं. वर पठारावरून पाहिलं तर खाली दरीमागे दरी, मधे धबधब्याची एक पांढरी रेघ आणि पार टोकाला समुद्र. यांना मधुमेह. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं, पण माझ्या घाईपायी नाश्ता अर्धवट राहिला. खाण्याची सगळी पिशवी माझ्याकडे होती: केळी, बिस्किटं, यांच्या ग्लुकोजच्या गोळ्या. गोड माझ्याच ताब्यात ठेवायचं हा माझा कायदा, कारण हे चोरून खातात.

वाटेच्या तोंडाशीच माकडं बसली होती. बाजूला पाटी, खायला घालू नका. एर्लांगेनमध्ये रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबणारी मी. पण तो नेमका शनिवार होता.

‘पाटी वाचलीस का?’ हे म्हणाले.

‘ती पाटी पर्यटकांसाठी आहे. आज वार कुणाचा?’

‘अगं, ते मारुतीराय नाहीत, माकड आहे.’

मी पिशवी खाली ठेवली, एक केळं पुढे ठेवलं आणि डोळे मिटून, हात जोडून उभी राहिले. डोळे उघडले तेव्हा पिशवी झाडावर होती. हे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. ‘संपूर्ण नैवेद्य स्वीकारला बरं का,’ म्हणाले. तिथूनच परत फिरायला हवं होतं. हे तसं म्हणालेही. पण मी म्हटलं, आपल्याकडे सत्तरीतल्या आज्या डोंगर चढतात, आणि तुम्ही पिशवीसाठी रडताय. आणि काठ्या टेकत उतरायला लागले.

उतार घसरडा होता, लाल मातीचा. बरंच खाली गेल्यावर मागून यांचा आवाज येईनासा झाला. वळून पाहिलं तर हे एका मुळावर बसलेले, शर्ट घामाने भिजलेला. ‘चला ना,’ म्हटलं, तर यांनी मला जर्मनमधून उत्तर दिलं. ‘आल्झो, तर मग ही मीटिंग आपण पुढच्या आठवड्यात घेऊ.’ मला वाटलं थट्टा करताहेत. ‘अहो, मराठीत बोला,’ म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मी नव्हते. मग कळलं. साखर उतरली होती आणि माझ्याजवळ गोडाचा एक कणही नव्हता. फोनला रेंज नव्हती. सोडून जावं तर हे उठून कड्याकडे चालायला लागतील. उचलून न्यावं तर कुठल्या बळावर? मी ओरडले. दरीने माझाच आवाज परत दिला.

मग मी स्तोत्र म्हणायला लागले. पहिली ओळ आली, दुसरी येईना. लोकांच्या घरी झोपेतसुद्धा चुकले नसते असं स्तोत्र, आणि त्यातला एकही शब्द माझ्याजवळ थांबायला तयार नव्हता. यांचे डोळे मिटायला लागले होते. तेव्हा मी एवढंच म्हटलं, ‘मला काही येत नाही. आता तू बघ.’ याला प्रार्थना म्हणावं की हात टेकणं, मला माहीत नाही.

थोड्या वेळाने खालच्या झुडपांतून एक म्हातारी वर आली. पाठीला रानपेरूंची टोपली, गळ्यात क्रॉस. म्हणजे मी हाक मारली एका दाराशी आणि ओ आली दुसऱ्यातून. तिची भाषा मला येईना, माझी तिला. मी वेड्यासारखी ‘शुगर, त्सुकर’ करत होते. तिने यांच्या कपाळाला हात लावला, थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतून घोट घोट पाजला. दुधाचा, व्हॅनिलाचा वास असलेला, पाकासारखा गोड. एरवी असा कप मी यांच्या हातातून काढून घेतला असता. थर्मास रिकामा झाला. कितीतरी वेळ आम्ही दोघी यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग हे मराठीत म्हणाले, ‘तू का रडतेयस?’

ती आमच्याबरोबर सावकाश वरपर्यंत आली, यांचा एक दंड तिच्या हातात, दुसरा माझ्या. डांबरी रस्ता लागला तशी तिने टोपली सावरली आणि पुन्हा खाली निघाली. आभार मानायला माझ्याकडे शब्द नव्हता; मी नुसती वाकले, तर तिने मला खांदे धरून उभं केलं. ती त्या वाटेला रोज येते की त्या दिवशीच आली, कुणाला ठाऊक. मी तो हिशेब कधी मांडला नाही.

आता नात तिच्या जर्मन-मराठीत विचारते, ‘आजी, वारुम? का रोज देवासमोर गप्प बसतेस?’ स्तोत्र अजून म्हणते मी, उच्चारांची ऐटही पूर्ण गेलेली नाही. पण ते झालं की काही न मागता थोडी बसते. नवरा आतून चहाची आठवण करून देत असतो, आणि तो आवाज मला पुरतो. त्या वेळात मनात सगळ्यांची नावं घेते. दरीतल्या त्या म्हातारीपाशी येऊन अडते, कारण नाव विचारायचं राहूनच गेलं. मग ती जागा मोकळी सोडते. देवाला ते नाव माहीत आहे.