बंडीतली तिची जागा

ती गेल्यापासून घरात बसलो तर लोक म्हणतात बाहेर पड, आणि बाहेर पडलो तर म्हणतात कुठं चाललास. म्हणून ओट्यावर बसून हे लिहितो. मला लिहिणं फार येत नाही. बंडीतल्या, म्हणजे बैलगाडीतल्या, तिच्या जागेचं मात्र लिहून ठेवायचं आहे.

तेव्हा समुद्रापलीकडं कुठंतरी गोरे आपसात लढत होते आणि इकडं वऱ्हाडात कापसाला भलताच भाव आला होता. कास्तकाराच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. आमचं वावर एवढंसं, म्हणून आम्ही नवराबायको वलगावहून अमरावतीला कामाला जायचो. मी रुईच्या गाठी बांधायच्या कामावर, ती रेच्यावर. रेचा म्हणजे दोन लाटण्यांचं लाकडी यंत्र. कापूस लावून दांडा फिरवला की सरकी अलीकडं पडते, रुई पलीकडं निघते.

पहाटे पाटलाच्या घरची बंडी कापूस भरून निघायची. गाडीवान आम्हाला फुकट न्यायचा, पण त्यात उपकार काही नव्हता. मोकळा कापूस वाटेच्या धक्क्यांनी फुगतो, बांबूच्या तट्ट्याबाहेर सांडतो, वाऱ्यावर उडून जातो. वर माणसं बसली की दबून राहतो. म्हणून तो माणसं निवडून घ्यायचा, जाडजूड आधी. पुढं बाप्ये, मागं बाया. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या पाठीत, कोणाची चिलीम कोणाच्या नाकाशी. नवराबायकोनं शेजारी बसायची रीत नव्हती, बोलायची तर नाहीच. ती माझी भाकर फडक्यात बांधून पुढं सरकवायची. भाकर दहा हातांतून माझ्यापर्यंत यायची, आणि प्रत्येक हात वास घेऊन सांगायचा, आज ठेचा आहे, आज नुसता कांदा.

एका हिवाळ्यात आमचं पहिलं लेकरू बारशाआधीच गेलं. मागून तिला तापानं धरलं. उठली तेव्हा अंगावर लुगडं राहत नव्हतं, इतकी वाळली होती. आई म्हणाली, घरी राहू दे तिला. शेजारच्या बाया रोज येऊन बसायच्या, तेच तेच विचारायच्या. एका रात्री चुलीपाशी ती म्हणाली, "घरी बसले तं मी मरीन. मले रेच्यावर येऊ द्या."

चालत जायचं बळ तिच्यात नव्हतं. बंडीत जागा मिळाली तरच येणं.

गाडीवानानं तिला पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, "मले बंडीत वजन पायजे, पाखरू नाई."

बाया हसल्या. तिनं चाकावर ठेवलेला पाय खाली घेतला. तेवढ्यात वर बसलेली माळीण सरकली. वांग्यांची टोपली घेऊन रोज यायची. चांगली थोराड बाई, ती बसली की बंडी कुरकुरायची. तिनं हिचा दंड धरून वर ओढली आणि मांडीवर बसवली.

"आता सांग बाप्पा, आमी दोघी मिळून कमी पडतो का तुले?"

गाडीवान बैलांकडं गेला. पुढं बरेच दिवस ही त्या माळणीच्या मांडीवर बसून गेली. माळीण तिला वाटेत कच्चं वांगं खायला द्यायची, अंगात रक्त येते म्हणे. रेच्यावर दांडा फिरवायला आधी दुसरी बाई लागायची, मग ती एकटी फिरवू लागली.

मग माळणीचा पाय मुरगळला. त्या पहाटे ती आली नाही आणि गाडीवान हिला म्हणाला, आज राहू दे बाई. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि घराकडं तोंड केलं.

बंडीत माझा सख्खा चुलता होता, गावातली जुनी माणसं होती. मी खाली उडी मारली, तिला उचलून वर घेतली आणि बाप्यांत माझ्यापुढं बसवली.

"ही माह्यापुढं बसते. आमचं दोघाचं एक वजन धर."

चुलत्यानं तोंड फिरवलं. गाडीवान म्हणाला, घ्या, यानं तर बंडीतच संसार मांडला. कोणीतरी हसलं, आणि बैल चालू लागले.

गावाबाहेर नाला लागतो, तिथं बंडी जोरानं उसळायची. ती लाजेनं लाकडासारखी ताठ बसली होती. मी हळूच म्हणालो, भार टाक माह्या अंगावर. धक्का बसला आणि ती मागं कलली, मग तशीच राहिली. पदराआड तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. वाकून पाहिलं तर हसत होती. लेकरू गेल्यावर पहिल्यांदा.

चुलता पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. बोलला नाही तर नाही.

माळीण परत आल्यावर ही पुन्हा बायांत गेली. पुढं कापसाचा भाव बसला, आगगाडी आली, लेकरं झाली, जगली. शेजारी बसून कुठं गेलो असं मात्र पुन्हा झालं नाही.

तिची तिरडी उचलली तेव्हा एक जण म्हणाला, म्हातारीत काही वजनच नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण मी काठी टाकली आणि पुढच्या दांडीखाली खांदा घातला. पोरगा म्हणाला, बाबा, तुमी कायले, तुमच्यानं होत नाई.

"भार येऊ दे माह्या अंगावर," मी म्हणालो.

नाल्यापर्यंत नेली. तिथं दम लागला, मग दुसऱ्यानं खांदा दिला.