शरणम्माचं बोलावणं

लातुरात गंजगोलाईमागच्या त्या गल्लीत कुणाचंही लग्नकार्य असो, बोलावणं शरणम्माच द्यायची. निलंग्याकडची बाई, सही करायची तर अंगठा. पण दार बघून जीभ बदलायची. कानडी दारात "बर्री अक्का", मुसलमानाच्या दारात "आपा, हल्दी कू आना, नक्को मत बोलो", आणि शेजारच्या नागुबाईला, "भवाने, लई वाट बघाय लावू नगंस!" शिवी खाल्ल्याबिगर नागुबाई हालायची नाही.

सून रूपाली नांदेडच्या पार वऱ्हाडी शिवेवरची. माहेरी "काय करून राहिली" म्हणत वाढली. पुण्याला चार वर्षं काय राहून आली, शब्द चिमट्यानं उचलल्यावानी बोलू लागली. कानातल्यापेक्षा ती बोलीच जास्त मिरवायची.

लेकीची, राजकन्याची हळद आली, तशी सासूला म्हणाली, "आई, तुम्ही दारोदार जाऊ नका. फार गावंढळ वाटतं ते."

आणि फोनमध्ये तोंड घालून बोलली, "आपण सर्वांनी अगत्य येण्याचे करावे." दिलं गल्लीभर पाठवून. झालं बोलावणं!

हळदीदिवशी राजकन्या पाटावर बसली. पहिली हळद पाच सवाशिणींनी लावायची, अन् दारात चिटपाखरू नाही. वाटीतली हळद कडेनं वाळाय लागली.

"आजी, कुणीच आलं न्हाई गं," पोरीचे डोळे भरले.

रूपाली बाहेर धावली. नागुबाई ओट्यावर निवांत गहू निवडत बसलेली.

"काकू, मेसेज ऐकला नाहीत का?"

"ऐकला की. तसल्या आवाजाची बाई रोजच कर्ज घ्या म्हणती. दारात कुंकू आलं न्हाई, आम्ही काय आपणहून पानावर येऊन बसावं?"

रूपाली खाली मान घालून परत आली. "आई, तुम्ही जरा जाता का?"

"मी गावंढळ हाय, माय. धाड तुझ्या मशीनीला." पण राजकन्याकडं बघितलं अन् म्हातारी उठली. कुंकवाचा करंडा सुनेच्या हातात कोंबला. "तूच बोलाव. मी नुसती मागं उभी राहते."

नागुबाईच्या कपाळाला कुंकू लावत रूपाली "आपण कृपया..." म्हणाली. नागुबाई गहूच निवडत राहिली. शेवटी रूपालीचा धीर सुटला, "अवो काकू, गहू काय निवडून राहिल्या? तिकडं हळद वाळून राहिली, लेकरू रडून राहिलं! उठा ना माय!"

नागुबाईनं सूप बाजूला सारलं. "हां! आता बोलावलंस."

मग पुढची दारं भराभरा उघडली.

"पुण्याचा मुक्काम हलला वाटतं," मागून शरणम्मा म्हणाली, अन् वाटीत पाणी घालायला घरात गेली.